झाडाचं मीठ

माझ्या पोटात माझ्या बहिणीची किडनी आहे, हे आमच्या सौंसर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ. दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून, चार महिने सांबार-भातावर काढून मी परत आलो, आणि बसस्टँडवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पानठेलेवाला ओरडला, "जयभीम सर! बाईची किडनी कशी हाय?" मी कसा आहे हे विचारायचं त्याला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "मजेत आहे," मी म्हणालो.

त्या वेळी आमच्या भागात किडनी बदललेला माणूस म्हणजे नवलच. रामाकोन्याहून, बोरगावहून लोक मुद्दाम बघायला यायचे. आजाऱ्याला बघायला जाणं आमच्याकडे हक्काचं काम समजतात. येताना केळी, नाहीतर टोपलीभर संत्री आणायची, खाटेवर अगदी टेकून बसायचं, आणि "डॉक्टरनं म्हणे सर्दी-पडशापासून जपा म्हटलं?" असं विचारून तोंडावरच शिंकायचं. केळी आणि संत्री मला जपून, मोजून खायची होती, कारण माझ्यासारख्याच्या रक्तात पोटॅशियम वाढू द्यायचं नसतं. त्यामुळे संत्र्याच्या मुलखात जन्मलेला मी दिवसाला दोन फोडी चाखायचो आणि बाकीची टोपली बघायला आलेलेच बसल्या बसल्या संपवून जायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. स्वभावाबद्दल दोन शब्द आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला आश्चर्य वाटायला नको. सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यात शास्त्रीय डोकं असलेला मी एकटाच, असं माझं प्रामाणिक मत होतं. गंडा, उतारा, अंगारा हे शब्द कानावर पडले की माझं टाळकं सरकायचं. बायको म्हणायची, "तुमाले समदेच अडाणी दिसतात." दिसायचे, त्याला मी काय करणार?

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, मोहगावला दिलेली. भाऊजींची तिथे संत्र्याची छोटी बाग. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तपासण्या ताईच्याच जुळल्या. डॉक्टरांनी तिला तासभर समजावून सांगितलं, कागद पुढे केले, धोके सांगितले. तिनं एवढंच विचारलं, "माह्याजवळ दोन हायेत ना? मंग एक काढून द्या न बाप्पा, इतकं बोलून कायले राहिले?" भाऊजींनी खाली सही केली. ते मुळातच कमी बोलणारे. सही करून झाडाखाली जाऊन बसले.

परत आल्यावर ताई दर रविवारी मोहगावहून बसनं यायची आणि लेक दिलेली आई सासरच्या माणसांची उलटतपासणी घेते तशी माझी घ्यायची. पाणी किती प्यालास? लघवी किती झाली? रंग कसा होता? हे सगळं ओसरीवर, चार बघे बसलेले असताना. मी हायस्कूलचा शिक्षक, आणि माझ्या लघवीचा हिशेब अख्ख्या आळीला तोंडपाठ.

शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून एक औषध होतं. तेलासारखं, बाटलीतलं, मुंबईहून यायचं. पिचकारीनं मोजून, काचेच्या पेल्यात दुधात ढवळून घ्यायचं. वास असा की मांजरानं दुधाकडे पाठ फिरवावी. त्यानं किडनी शाबूत राहिली, पण माझ्या कपाळावर आणि कानांवर केस उगवले आणि हिरड्या सुजल्या. शाळेतल्या पोरांनी मला एक नवं नाव ठेवलं. ते मला माहीत आहे, पण इथे देणार नाही.

मग एक दिवस फळ्यावर लिहिताना खडू थरथरायला लागला. डाव्या हातानं उजवा धरला तर दोन्ही थरथरले. ओठांभोवती मुंग्या, उजव्या डोळ्याची पापणी सारखी फडफडणारी, आणि तास संपता संपता पोटरीत असा गोळा आला की मी टेबलाला धरून चुलीवरच्या पापडासारखा वाकडा झालो. पोरं आधी हसली, मग घाबरली.

माझे सासरे पांढुर्ण्याला, रेल्वेतून रिटायर झालेले. बातमी कळताच ते आले आणि माझ्या डोळ्याकडे बारकाईनं बघून म्हणाले, "उजवा डोळा लवून राहिला जावईबापू. पुरुषाचा उजवा लवनं चांगलं असते. प्रमोशन पक्कं समजा."

प्रमोशनची वाट न बघता मी नागपूरच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशननंतरची माझी देखभाल त्यांच्याकडे होती. त्यांनी रक्त काढलं, दोन दिवसांनी आकडा आला, आणि ते म्हणाले, "मॅग्नेशियम फार खाली गेलंय."

मी विचारलं, "कशानं?"

"तुमच्या त्या तेलकट औषधानं. ते किडनीला सांभाळतं, पण त्याच्यामुळे किडनी मॅग्नेशियम धरून ठेवत नाही, लघवीवाटे सोडून देते."

म्हणजे राखणदार ठेवला चोर येऊ नये म्हणून, आणि तोच मागच्या दारानं माल बाहेर काढून राहिला. पण राखणदाराला काढून टाकायची सोय नव्हती. औषध बंद केलं तर किडनी जाणार, आणि मॅग्नेशियम घसरतच गेलं तर आकडी येईल, काळजाचे ठोके चुकतील. मी विचारलं, खाण्यातून नाही का भरून काढता येणार? डॉक्टर हसले. पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांत मॅग्नेशियम असतं, पण त्यांच्यातच पोटॅशियमही असतं, आणि ते मला जपूनच. भाज्या उकळून पाणी फेकून दिलं तर पोटॅशियम जातं, पण जाताना मॅग्नेशियमलाही सोबत घेऊन जातं. ही दोघं बहुधा एकाच आळीतली असावीत.

तेव्हा उपाय एकच, गोळ्या. सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत एकेक, तेलकट औषधापासून दोन तास लांब, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. "पोट ढिलं होईल सुरुवातीला," डॉक्टर म्हणाले. "एकदम जास्त घेऊ नका. जुलाब सुरू झाले तर अंगातलं पाणी जाईल, किडनीला धक्का बसेल, आणि मॅग्नेशियम आणखीनच कमी होईल. मनानं काही करायचं नाही. मास्तर लोकांना मी हे दोनदा सांगतो." आणि त्यांनी खरोखरच दोनदा सांगितलं.

हे इतकं साधं होतं की गावाला पटेना. गोळी घ्यायची आणि रक्त तपासायचं, याला काय उपाय म्हणतात? औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी वाचून मला पांढऱ्या औषधाची बाटली काढून दिली, ते पोट साफ व्हायचं निघालं. "मॅग्नेशियमच हाय सर याच्यात, तुमीच वाचा ना!" तो माझ्यावरच रागावला. मी गोळ्या नागपूरहून आणायला लागलो. शेजारच्या काकूंनी तांब्याचं कडं आणून दिलं. एकानं पोटरीला राख चोळायला सांगितली. सासऱ्यांचा सल्ला तर खास पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवर उभं राहून एकमेकांची डोकी फोडायची, फुटलेल्या डोक्याला अंगारा लावायचा, आणि पुन्हा दगड उचलायचा, हे त्या गावाचं वैद्यकशास्त्र. ते मला म्हणाले, "आमच्याकडं डोकं फुटते तरी माणूस गोळी घेत नाही. तुमी पोटरीच्या गोळ्यासाठी गोळी घेऊन राहिले!"

या सगळ्यांवर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये झकास व्याख्यानं द्यायचो. मला फार मजा यायची, हे कबूल करतो.

गोळ्यांनी हात स्थिर झाला. आकडा वर आला, थोडा घसरला, पुन्हा वर आला. वर्षभर असं चाललं. ताई दर रविवारी आता एक प्रश्न जास्त विचारायची: "मॅग्नेशियम घेतलंस?" चौथी शिकलेली माझी बहीण हा शब्द आमच्या हेडमास्तरांपेक्षा स्वच्छ उच्चारायची. त्यालाही कारण होतं. मोहगावला बागेतल्या झाडांची पानं पिवळी पडली की कृषी केंद्रवाले हेच सांगायचे, मॅग्नेशियम कमी झालं, मीठ आणून टाका. संत्रेवाल्यांच्या घरात हा शब्द साखर-पत्तीसारखा बोलला जायचा. ताईच्या मते तिच्या भावाचा आणि बागेतल्या धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाजवळच्या, चार झाडांचा रोग एकच होता.

पुढच्या पोळ्याच्या आठवड्यात पाऊस बसला. आधीच गोळ्या संपत आलेल्या. मी नागपूरला जायला निघालो, तर पुलावरून पाणी, बस बंद. छोट्या रुळांवरची रेल्वेगाडीही रद्द. त्याच दिवशी भाऊजी सौंसरला आले होते. त्यांनी खताच्या दुकानातून झाडांसाठी एक पोतं घेतलं, आणि मोहगावच्या रस्त्यावर नाल्याला कमरेएवढं पाणी म्हणून पोतं आमच्या ओसरीवर ठेवून एकटेच पायी निघून गेले. जाताना म्हणाले, "मास्तर, राहू द्या इथं. पानी उतरलं का घेऊन जाईन."

पोत्यावर छापलं होतं: मॅग्नेशियम सल्फेट.

मी दोन दिवस त्या पोत्याकडे बघत बसलो. गोळ्या संपल्या. तिसऱ्या दिवशी पापणी फडफडायला लागली आणि बोटांना मुंग्या आल्या. पाऊस चालूच. आता मला खरोखर भीती वाटायला लागली. आकडी आली तर? काळीज थांबलं तर? आणि ताईनं पोट फाडून दिलेली किडनी मीठ कमी पडलं म्हणून गेली तर मी तिला तोंड काय दाखवू? गावात बोलतील, बाईनं देली आणि मास्तरनं वाया घालवली. भीती होती, खोटं नाही. पण भीतीच्या शेजारी तो माझा शास्त्रीय मेंदूही टुणटुण उड्या मारत होता. त्याचं म्हणणं असं की मॅग्नेशियम ते मॅग्नेशियम. झाडाला काय आणि माणसाला काय, मूलद्रव्य जात-पात पाळत नाही.

हे मीठ जुलाब करतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते नववीच्या वर्गात शिकवायचो. पण मोजून घेतलं तर काय होतंय? मोजमाप म्हणजे विज्ञान. न मोजता घेतात ते अडाणी.

पोत्याची शिवण मी हळूच उसवली, दोन मुठी काढल्या, आणि दाभणानं पुन्हा शिवली. अशी सुबक शिवली की दुकानदारालाही ओळखू आली नसती. मग शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो, काचेच्या पेटीतला तराजू काढला, चिमट्यानं वजनं ठेवली. एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं: गोळीत मॅग्नेशियम किती, या मिठात पाण्याचा भाग किती, म्हणून मीठ किती. गणित बरोबर होतं. आजही सांगतो, पैकीच्या पैकी मार्क. पुड्या बांधल्या आणि घरी टेबलाच्या खणात ठेवल्या. बायकोला सांगितलं नाही, कारण तिला रसायनशास्त्र कळत नव्हतं.

पहिल्या दिवशी पोट ढिलं झालं. म्हटलं, गोळ्यांनीही सुरुवातीला होतंच. दुसऱ्या दिवशी दहा वेळा जावं लागलं, आणि बोटांच्या मुंग्या तशाच. म्हणजे मात्रा कमी पडते आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि दोन पुड्या एकदम घेतल्या. पुढचं सांगत नाही. डबा धरून मी ओसरी ते परसदार एवढाच प्रवास करत राहिलो. तेलकट औषधही पोटात टिकेना, दुधासकट बाहेर यायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी परसदारातच बसकण मारली आणि मला उठता येईना. जीभ कोरडी, लघवी बंद. वर्षभर अख्ख्या आळीनं जिचा हिशेब ठेवला, ती दिवसभरात एक थेंब नाही.

नशिबानं पुलावरचं पाणी उतरलं होतं. निरोप मिळताच सासरे कुठूनशी जीप मिळवून आले, आणि वाटेत एकदाही उजव्या डोळ्याचा विषय काढला नाही.

नागपूरला डॉक्टरांनी सलाईन लावली. किडनीचा बिघाड दाखवणारा आकडा दुपटीनं चढला होता. ते कुणाशीच हसून बोलेनात, तेव्हा मला कळलं की काय होऊ घातलंय. मी छताकडे बघत पडलो होतो आणि मला रडू येत होतं, पण रडण्याइतकंही पाणी अंगात नव्हतं.

बायकोनं येताना खणातल्या पुड्या सोबत आणल्या होत्या. डॉक्टरांनी पुडी उघडून जिभेला लावली. "हे काय आहे?"

बायको म्हणाली, "यांच्या भाऊजींचं दिसते. संत्र्याच्या झाडाले टाकतात ते."

डॉक्टरांनी पुडी परत बायकोच्या हातात दिली. मग त्यांनी नर्सकडून एक इंजेक्शनची काचेची नळी मागवली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यावर बारीक अक्षरात मॅग्नेशियम सल्फेटच लिहिलेलं. "आता तुम्हाला शिरेतून हेच देणार आहे," ते म्हणाले. "मीठ तेच हो. पण शिरेतून गेलं की कामाला येतं, पोटातून ढकललं की मोरी धुऊन काढतं. आणि बागेचं मीठ शुद्ध करत बसत नाही कुणी." मी मान हलवली. हे दोनदा सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

संध्याकाळी ताई आणि भाऊजी आले. ताईनं आधी मूत्राच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बायकोच्या हातातल्या पुडीकडे. तिला सगळं एका क्षणात कळलं, म्हणजे चुकीचं कळलं. ती भाऊजींकडे वळली. "तुमी देल्लं का हे याले? झाडाचं मीठ?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पोतं शिवलेलं ठेवलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस तोंड उघडणार. मी सलाईनच्या थेंबांकडे बघायला लागलो, जणू ते मोजायचं काम मला कुणी नेमून दिलं होतं.

"हो," भाऊजी म्हणाले. "मीच देल्लं."

मी गप्प राहिलो. माझ्या नाकात नळी नव्हती, तोंडावर पट्टी नव्हती. ताई त्यांना जे बोलली ते वॉर्डातल्या बारा खाटांनी ऐकलं. माणूस हाय का ढोर, इतकी अक्कल नाही, माही किडनी घालवाची होती का. भाऊजी टोपी हातात धरून उभे होते. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ही एक मोठी सोय असते.

किडनी वाचली. चार दिवसांनी लघवी सुरू झाली, पंधरा दिवसांनी आकडा जागेवर आला. मी पुन्हा त्याच कंटाळवाण्या गोळ्यांवर आलो: जेवणासोबत, मोजून, लांब-लांब. आता कपाटात दोन महिन्यांचा साठा असायचा. गावानं भाऊजींना नाव ठेवलं ते ठेवलंच. मोहगावच्या चावडीवर म्हणे त्यांना विचारायचे, "मास्तरले युरिया कधी देता?" स्टाफरूममध्येही विषय निघाला. अर्धवट ज्ञान किती धोक्याचं, यावर एका सहकाऱ्यानं भाऊजींचं उदाहरण दिलं, आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही शरम वाटते.

दिवाळी उलटली, संत्र्याची तोड सुरू झाली आणि मी मोहगावला गेलो. बागेत पाऊल टाकलं तर ताई गाईशी बोलत होती. "सांग तुह्या मालकाले, भाकर झाकून ठेवली म्हणून. अन् सांग, कोरड्यास गरम करून घ्या म्हणा." मालक दहा हातांवर फळं निवडत बसले होते. त्यांनीही गाईकडे बघूनच "बरं" म्हटलं. पोळ्यापासून असं चाललं होतं. तीन महिने ताई नवऱ्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. गाईला मात्र घरातलं सगळं माहीत झालं होतं.

ताई पाणी आणायला गेली तेव्हा मी भाऊजींजवळ जाऊन बसलो. मीही एकेक फळ उचलून निवडायला लागलो. शेवटी म्हणालो, "तुम्ही खोटं का बोलला?"

ते फळं निवडतच राहिले. "मास्तर, माह्यावर तिचा राग बसला तं आज ना उद्या उतरन. मी काय कुठं जाऊन राहिलो? पण तुमीच हे केलं असं समजलं असतं, तं तिच्या मनात आलं असतं, आपुन फुकट पोट फाडून घेतलं. ते मंग निघत नाही." त्यांनी एक डागी फळ बाजूला टाकलं. "अन् तुमी सांगनार नव्हतेच. मी पाह्यलं ना तुमाले, सलाईन मोजून राहिले होते."

सौंसर ते पांढुर्ण्याच्या एकमेव शास्त्रीय डोक्यात त्या वेळी काहीच नव्हतं. जुलाबांनी झालो नव्हतो इतका मी त्या दोन वाक्यांनी रिकामा झालो.

ताई कळशी घेऊन आली. मी उठलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शिवण उसवली ते, तराजू, गणित, दोन पुड्या एकदम, आणि दवाखान्यात डोळे मिटले ते. भाऊजी "राहू द्या हो मास्तर" म्हणत होते, पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा कधी सांगितलं नसतं.

ताईनं कळशी खाली ठेवली. आधी ती भाऊजींकडे वळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा गाईला मध्ये न घेता ती त्यांच्याशी बोलली. "बावयट माणूस," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता वॉर्डातल्यापेक्षा जास्त ऐकावं लागणार, आणि मी त्याला तयार होतो. पण तिचा आवाज चढला नाही.

"कायले केलं रे असं?"

"भीती वाटली गं," मी म्हणालो. "गोळ्या नव्हत्या. काहीही करून मला तुझी किडनी वाचवायची होती."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलत्याच भाषेत बोललो होतो.

"किडनीच वाचवाची असती," ताई म्हणाली, "तं माह्या पोटात काय वाईट होती ते?"